खर्जाचे वाद्य आणि त्याची सुधारणा



नवरात्रात बडोद्याच्या रस्त्यांवरून रात्री फिरणाऱ्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. गरब्याचे मैदान अजून दूर असते. गाण्याचे शब्द कानी पडत नाहीत, चालही नीट ओळखू येत नाही; परंतु एक खोल, भरीव हुंकार मात्र जमिनीतून आल्यासारखा छातीला जाणवतो. तो ढोलाचा आहे असे आपण समजतो आणि बऱ्याच अंशी ते खरेही असते. पण त्या हुंकारात जो सूर असतो, ढोलाच्या आघाताला जो षड्जाची बैठक देतो, तो पुष्कळदा मंचाच्या मागच्या अंगाला उभ्या असलेल्या एका वादकाच्या बोटांतून निघालेला असतो. टाळ्या गायिकेला पडतात, छायाचित्रे ढोलवाल्याची निघतात. ह्या वादकाकडे फारसे कोणी पाहत नाही. तो मध्येच थांबला तर मात्र सारे गाणे एकाएकी पोकळ वाटू लागते, आणि ते का, हे कोणाला सांगता येत नाही.

त्याच्या गळ्यात अडकवलेल्या वाद्याचे नाव बेस गिटार. चार जाड तारा, लांब दांडी, भरीव लाकडाचे अंग आणि ध्वनिवर्धकाशी विजेच्या तारेने जोडलेले असे हे वाद्य. आपल्या भाषेत त्याला खर्जाचे वाद्य म्हटले तर चूक होणार नाही. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ आंदोलने घेते. हल्ली पाचवी, आणखी खालची तार जोडण्याची चाल पडली आहे. ती तर ३१ च्या आसपास आंदोलने घेते. माणसाच्या कानाला स्वर म्हणून जे ओळखू येते त्याची खालची सीमा तेथून फार लांब नाही. गंमत अशी की, घरातील लहान रेडिओच्या कर्ण्यातून इतका खालचा स्वर जवळजवळ निघतच नाही. तरीही ऐकणाऱ्याला तो ऐकू येतो. तारेच्या मूळ स्वराबरोबर तिचे उपस्वरही निघत असतात आणि कान त्या उपस्वरांवरून मूळ स्वर मनातल्या मनात उभा करतो. तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गंधार उमटतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. ही त्याच व्यवहाराची दुसरी बाजू होय.

आजचा विषय ह्या वाद्याच्या वादनाचा नाही. त्याच्या मालकीचा आहे. कारण अलीकडे ह्या वाद्यासंबंधी तरुणांमध्ये एक नवी हौस उत्पन्न झाली आहे. मोठ्या कारखान्यात हजारोंनी निघणारे वाद्य त्यांना पुरेसे वाटत नाही. चार-सहा कारागिरांच्या लहानशा कार्यशाळेत, गिऱ्हाइकाच्या मापाने आणि पसंतीच्या लाकडाने घडवलेले वाद्य त्यांना हवे असते. व्यापारी भाषेत अशा मालाला 'बुटीक' म्हणतात. अमेरिकेतील नामांकित कार्यशाळेतून असे एक वाद्य मागवावयाचे तर कित्येक लाख रुपये पडतात. ते नाही जमले, तर साधे वाद्य घेऊन त्याचे भाग एकेक करून बदलत राहावयाचे, हा दुसरा मार्ग. दोन्हींमध्ये पैसा जातो, आणि तो बहुधा पहिल्या नोकरीच्या पगारातून किंवा वडिलांच्या खिशातून जातो. वडील म्हणतात, एवढ्यात घरापुढे दुचाकी उभी राहिली असती. मुलगा म्हणतो, वाद्य चांगले नसेल तर हात कसा तयार होणार? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच ह्या वाद्यात नेमके काय असते, त्यातले काय बदलल्याने सूर बदलतो आणि काय बदलल्याने केवळ पैसे बदलतात, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

मुळात हे वाद्यच एका सुधारणेतून जन्मले. त्यापूर्वी खर्जाचे काम करीत असे ते पुरुषभर उंचीचे डबल बेस नावाचे प्रचंड व्हायोलिन. ते वाहून नेणे ही एक शिक्षा, आणि बँडच्या गलबल्यात त्याचा आवाज ऐकू येणे दुरापास्त. सिअॅटल येथील पॉल टटमार्क ह्याने १९३०-४० च्या दशकात गळ्यात अडकवण्याजोगे विजेचे बेस केले होते, पण ते लोकांच्या पचनी पडले नाही. पुढे कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचा धंदा केलेल्या लिओ फेंडर ह्याने १९५१ साली बेस गिटार बाजारात आणली. दांडीवर धातूचे पडदे असल्यामुळे बोट थोडे मागेपुढे पडले तरी स्वर अचूक येई; म्हणून तिचे नाव त्याने 'प्रिसिजन' असे ठेवले. नवल हे की, फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. तो वादकांना बोलावी, त्यांच्या तक्रारी ऐके आणि पुन्हा कामाला लागे.

आपल्याकडे ही गिटार आली ती बहुतांशी गोमंतकीय वादकांच्या हाताने. गोव्यातील चर्चच्या शाळांतून, ज्यांना तेथे पॅरिश स्कूल म्हणतात, मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा शतकांची आहे. त्या शाळांत तयार झालेले वादक मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गेले. आरंभी तेथे डबल बेसच वाजत असे. पुढे विजेची बेस आली आणि राहुलदेव बर्मन ह्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ ह्यांच्यासारख्या वादकांनी तिला स्वतःची वाणी दिली. ज्या पिढीने ती गाणी रेडिओवर ऐकली तिने बेस गिटार हे नाव न ऐकताही ते वाद्य मनसोक्त ऐकले आहे. आज मुंबईत वाढलेली मोहिनी डे ही तरुण वादक हेच वाद्य घेऊन जगभर जाते, आणि तिला पाहून हे वाद्य हाती घेणाऱ्या मुलींची संख्याही थोडी नसावी.

आता सुधारणेकडे वळू. १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात रॉन विकरशॅम नावाच्या ध्वनियंत्रज्ञाने वादकांच्या तयार गिटारी उघडून त्यांच्या आतील विद्युतयोजना बदलावयास आरंभ केला. तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. ह्या भागाला पिकप म्हणतात. विकरशॅमने ह्या क्षीण विजेला वाद्याच्या पोटातच बळ देणारे लहानसे यंत्र बसवले. प्रथम दुसऱ्यांच्या गिटारी सुधारल्या, मग स्वतःच संपूर्ण वाद्ये घडवावयास घेतली. 'अलेम्बिक' ही संस्था अशी उभी राहिली. म्हणजे बुटीक वाद्याचा धंदा हाच मुळी दुसऱ्याच्या वाद्याची डागडुजी करता करता निर्माण झाला. १९७५ साली न्यूयॉर्कच्या अँथनी जॅक्सन ह्या वादकाने कार्ल थॉम्प्सन ह्या कारागिराकडून सहा तारांची बेस करवून घेतली, आणि पुढे ब्रुकलिन येथे १९८३ साली स्थापन झालेल्या फोडेरा ह्यांच्या कार्यशाळेने त्याच्यासाठी तीच कल्पना वर्षानुवर्षे घासूनपुसून पूर्णत्वास नेली. ह्या उदाहरणात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जॅक्सनला काय हवे होते ते त्याच्या कानाला आधी माहीत होते. कारागीर मागाहून आला.

ह्याच्या अगदी उलट टोकाला डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन. मोटाउन कंपनीच्या असंख्य लोकप्रिय गीतांतील बेस ह्या एका माणसाने वाजवली, आणि त्यातली बहुतेक १९६२ सालच्या एकाच साध्या फेंडर गिटारीवर. बदल करणे दूरच. तार तुटल्यावाचून तो ती बदलतही नसे असे त्याच्याबद्दल सांगतात. जुन्या, मळलेल्या तारांचा जो मुका, गोल आवाज येतो, तोच त्याला हवा असे. आज त्या आवाजाची नक्कल करण्यासाठी लोक महागडे पिकप विकत घेतात!

तिसरा जॅको पॅस्टोरियस. त्याचीही गिटार १९६२ चीच, फेंडरचीच, फक्त निराळ्या घाटाची. त्याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, लोणी लावावयाच्या सुरीने त्याने दांडीवरचे सारे पडदे उपटून काढले, खाचा लुकणाने भरल्या आणि वरून होड्यांना लावतात तसल्या कठीण राळेचे थर चढवले. ज्या पडद्यांमुळे त्या वाद्याला 'अचूक' म्हणावयाचे तेच त्याने फेकून दिले, आणि त्यामुळे त्या वाद्यावर मींड निघू लागली. १९७६ साली त्याची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा जगभरचे बेसवादक थक्क झाले. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका उद्यानातून ते वाद्य चोरीस गेले. पुढच्याच वर्षी जॅको वारला. वाद्य सुमारे दोन दशकांनी सापडले आणि बऱ्याच खटपटीनंतर त्याच्या कुटुंबाकडे परत आले. त्याचे पाहून अनेकांनी आपापल्या गिटारींचे पडदे उपटले. त्यांपैकी किती वाद्ये फुकट गेली ह्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

वाद्य सुधारावे की सुधारू नये, हा वाद बडोद्याला नवा नाही. ह्या शहरात तो शंभर वर्षांपूर्वी, मोठ्या विद्वानांच्या सभेत, चांगलाच रंगला होता. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली आणि पंडित भातखंडे ह्यांच्या खटपटीने १९१६ च्या मार्चमध्ये येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्या परिषदेपुढे एक वाद्य आले. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याकडे न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स ह्या दोघांनी भारतीय संगीतातील श्रुतींचे गणित मांडले होते, आणि त्या गणिताबरहुकूम लंडनच्या मूर नामक वाद्यकाराकडून एक खास हार्मोनियम घडवून घेतली होती. श्रुति-हार्मोनियम म्हणून ती प्रसिद्ध आहे. साध्या पेटीत बारा स्वर. हीत त्यांहून कितीतरी अधिक. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे त्या काळचे बुटीक वाद्यच होते: एकट्यासाठी बनवलेले, परदेशातून आणलेले, आणि सुधारणेचा दावा सांगणारे.

देवलांचा हेतू शुद्ध होता, परिश्रम अपार होते. पेटीच्या ठोकळेबाज स्वरांनी आपल्या गाण्याचे नुकसान होते, ही त्यांची तक्रार आजही खोटी ठरलेली नाही. परंतु परिषदेत ते वाद्य मान्य झाले नाही. भातखंड्यांनी त्याच्यामागील गणितावर आक्षेप घेतला आणि गायकांनाही त्याचे स्वर आपल्या गळ्याचे वाटले नाहीत. ह्याचे कारण शोधावयास फार दूर जावयास नको. दरबारीतला गंधार हा एका ठिकाणी खिळून राहणारा स्वर नव्हे. तो आंदोलत असतो, आणि त्याचे आंदोलन गायकागणिक निराळे. त्याला एका पट्टीत कोंडले, तर ती पट्टी कितीही सूक्ष्म हिशेबाने लावलेली असो, तो गंधार राहत नाही. पट्ट्या वाढवल्याने हा प्रश्न सुटणारा नव्हता. देवल-क्लेमंट्स ह्यांची पेटी संगीताच्या इतिहासात राहिली, संगीतात राहिली नाही.

योगायोग असा की, देवलांच्या प्रयोगांना ज्या गायकाच्या गळ्याचे साह्य झाले, त्याचाही बडोद्याशी संबंध होता. अब्दुल करीम खाँसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बडोदे दरबारी होते आणि पुढे त्यांनी मिरजेस घर केले. त्यांच्या गाण्याची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या हातातील दुसरी कला तितकीशी ठाऊक नाही. खाँसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीत निष्णात होते. तंबोऱ्याची जवारी ते स्वतः लावीत, आणि ती मनासारखी लागेपर्यंत गावयास बसत नसत.

जवारी हा शब्द बेस गिटारच्या प्रत्येक मालकाने पाठ करावा असा आहे. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट वाटला तरी सपाट नसतो. त्याला अतिशय हलका उतार असतो. कंप पावणारी तार त्या उताराला क्षणोक्षणी चाटून जाते आणि त्यातून उपस्वरांचे ते झळाळणारे वलय उत्पन्न होते. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली ह्याच घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला आणि पाश्चात्त्य वाद्यांत न आढळणारी ही करामत जगाच्या नजरेस आणून दिली. ह्या उताराचे माप कोणत्याही कोष्टकात नाही. कारागीर कानसेने दोन हात मारतो, तार चढवतो, ऐकतो, मान हलवतो, तार उतरवतो आणि पुन्हा घासतो. घोडी तीच, तार तीच, भोपळा तोच. परंतु घटकाभरापूर्वी लाकडासारखा वाजणारा तंबोरा बोलू लागतो. एकही भाग बदललेला नसतो.

बेस गिटारला जवारी नसते. तिच्या तारा घोडीवर स्वच्छ टेकलेल्या असतात. परंतु तिलाही लागणे असते, आणि ते जवळजवळ तितकेच नाजूक. चार तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोंच्या घरात जातो. इतका भार रात्रंदिवस सोसणारी दांडी थोडी वाकणारच. ती किती वाकावी हे ठरवण्यासाठी तिच्या पोटात पोलादी सळई बसवलेली असते. तिचा नट पाव फेरा फिरवला की दांडीचा बाक बदलतो. बाक कमी पडला तर तारा पडद्यांवर खडखडतात. जास्त झाला तर बोटे दुखतात आणि वरचे स्वर चढे लागतात. त्यानंतर प्रत्येक तारेची घोडीवरील उंची, मग तिची लांबी, मग वरच्या टोकाच्या खाचांची खोली, मग झिजलेल्या पडद्यांची समपातळी. हे सारे एका अनुभवी माणसाचे दिवसभराचे काम. त्याला मिळणारी मजुरी परदेशी पिकपच्या एका जोडीच्या किमतीपुढे क्षुल्लक असते, आणि तरीही ती देताना आपला मनुष्य घासाघीस करतो. पार्सलमधून येणाऱ्या डबीला मात्र तो सांगितलेली किंमत निमूट मोजतो.

बडोद्याच्या हवेत ह्या कामाला विशेष महत्त्व आहे. चैत्र-वैशाखात येथील हवा इतकी कोरडी होते की लाकूड आखडते आणि पडद्यांची टोके दांडीच्या कडेबाहेर येऊन हाताला बोचतात. आषाढ लागला की तेच लाकूड ओल पिऊन फुगते आणि दांडीचा बाक बदलतो. अशा वेळी वाद्य बिघडले असे वाटून मालक नवी खरेदी करावयास निघतो. वास्तविक ते फक्त ऋतू पाळत असते. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवणे आणि वर्षातून दोनदा सळईचा पाव फेरा, एवढ्यावर पुष्कळ वाद्ये सुखाने नांदतात.

मग भाग बदलूच नयेत की काय? तसे नाही. तारा बदलाव्यात, आणि विचारपूर्वक बदलाव्यात. कारण खर्च थोडा आणि फरक मोठा, असा दुसरा बदल नाही. गोल तारेच्या वेष्टनाच्या तारांचा आवाज लखलखीत. सपाट पट्टीच्या वेष्टनाच्या तारांचा आवाज डबल बेससारखा घुमारदार. गरब्याच्या गोंगाटात पहिल्या बऱ्या, सुगम गायनाच्या साथीला दुसऱ्या. खुंट्या सैल होऊन सूर उतरत असतील तर त्या बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पिकप बदलल्याने आवाजाचा रंग खरोखर बदलतो. मात्र तो कोणत्या दिशेने बदलावयास हवा हे आधी सांगता आले पाहिजे. 'अधिक चांगला' ही दिशा नव्हे. पोटातील बॅटरीच्या यंत्राने खर्ज आणि तार सप्तक हवे तसे वाढवता येते, पण कार्यक्रमाच्या ऐन रंगात ती नऊ व्होल्टची बॅटरी संपली म्हणजे जी नामुष्की होते ती ज्यांच्यावर आली त्यांनाच ठाऊक.

लाकडासंबंधी तर फारच दंतकथा पसरल्या आहेत. तंबोऱ्यात भोपळा आणि तबली स्वतः घुमतात. तेथे लाकूड म्हणजे आवाज. भरीव अंगाच्या विजेच्या गिटारीत चुंबकाला ऐकू येते ते तारेचे हलणे. लाकडाचा वाटा त्यात असतो, पण जाहिरातीत छापतात तेवढा नव्हे. दांडी ताठ हवी, वजन खांद्याला सोसवेल असे हवे, ह्यापलीकडचे बरेचसे डोळ्यांचे सुख. ते सुख घेऊ नये असे नाही. फक्त ते कानाच्या नावावर लिहू नये. ह्या लाकडांतले एक लाकूड आपल्या घरचे आहे हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. दांडीच्या माथ्यावर जी काळसर तपकिरी पट्टी चिकटवलेली असते ती पुष्कळदा शिसवीची, आणि जगभरच्या गिटारकारांना ही शिसवी दक्षिण भारतातील रानांतून जाते. २०१७ साली शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले तेव्हा तयार वाद्ये सीमेपार नेणेही अवघड होऊन बसले; २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सवलत मिळाली. आपल्या रानातले लाकूड फळीच्या भावाने जाते आणि लाखांच्या वाद्यावर बसून परत येते, ह्यात मधली सगळी वाढ कारागिरीची आहे.

तशी कारागिरी आपल्याकडे नाही असे कोण म्हणेल? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंबोरे घडवावयास आरंभ केला. तलवारींचे दिवस सरले होते. हाताला काम हवे होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पोलादाची पारख असलेले हात, ह्यांतून जे वाद्य निर्माण झाले त्यावर देशातील मोठमोठे गवई गायले. त्या घराण्याचे वंशज आजही तेथे हेच काम करतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गायकाच्या पट्टीप्रमाणे, त्याच्या हाताच्या मापाप्रमाणे वाद्य घडवून देणे हीच त्यांची रीत. ब्रुकलिनच्या कार्यशाळेत जे अपूर्वाईने सांगितले जाते ते मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे. तिला बुटीक म्हणावे हे तेवढे कोणाला सुचले नाही. तेथील तरुण हात आज हा धंदा पुढे चालवावयास कचरतात, कारण मेहनतीच्या मानाने मोल नाही. देशी कारागिरांनी बेस गिटारी घडवाव्यात असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आपली गिटार लावून घेण्यासाठी देशी कारागिराला पूर्ण मजुरी देणारे त्या मानाने थोडे.

बडोद्यात ह्या गोष्टीची जाण असावयास हरकत नाही. मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा उघडली. तिचीच परंपरा आज सूरसागराच्या काठी विश्वविद्यालयाच्या संगीत विभागात चालू आहे. तेथे शिकून गेलेल्या प्रत्येक पिढीने पहिला धडा घेतला तो तंबोरा जुळवण्याचा. खुंटी पिळून जवळचा स्वर, मणी सरकवून नेमका स्वर, आणि घोडीवरील दोरा केसभर हलवून त्या स्वराची झळाळी. ज्याने हे एकदा केले आहे, त्याच्या हाती बेस गिटार दिली तर प्रथम काय तपासावे हे त्याला सांगावे लागत नाही. गिटार शिकणाऱ्या तरुणाने महिनाभर तंबोऱ्यापाशी बसावे. शिक्षकाने तेवढे जरूर करवून घ्यावे. त्यासाठी काही लाख लागत नाहीत.

शेवटी व्यवहाराची एक गोष्ट, कारण घरातील पैशाचा प्रश्न तसाच राहता कामा नये. जुन्या वाद्याच्या बाजारात मूळ भागांसह असलेल्या वाद्याला अधिक किंमत येते, आणि सुधारलेल्या वाद्याला, सुधारणेवर कितीही खर्च झालेला असो, बहुधा कमी. नव्या पिकपसाठी लाकूड कोरले, मूळ रोगण खरवडले, घोडीसाठी नवी भोके पाडली, की ती किंमत कायमची गेली. म्हणून परत फिरवता येईल असा बदल आधी करावा, न फिरणारा बदल सर्वांत शेवटी. आणि तोही त्या वाद्यावर किमान एक उन्हाळा व एक पावसाळा वाजवून झाल्यावर. काढलेला प्रत्येक भाग, मग तो खुंटी असो, पिकप असो की साधा स्क्रू, कागदाच्या पुडीत बांधून, वर तारीख घालून, वाद्याच्या पेटीतच ठेवून द्यावा. पुढेमागे वाद्य विकावयाची वेळ आली, तर जाणता गिऱ्हाईक पेटी उघडल्यावर आधी ती पुडी मागतो.